पांढऱ्या पुडीतला धातू

फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या की रसायनशास्त्राच्या टेबलावर एक पुडी येते. आत चिमूटभर क्षार. त्यातला धन आयन आणि ऋण आयन ओळखायचा. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतकडच्या खेड्यांतून येणारी आमची बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात आणि अकरावीत विज्ञान अचानक इंग्रजीतून अंगावर येतं. मग ‘साल्ट ॲनालिसिस’ म्हणजे दोन पानांचा तक्ता, तो पाठ करायचा आणि परीक्षेत उतरवायचा, असा त्यांचा समज होतो. हिंगोली जिल्ह्यात मी नोकरीभर हाच विषय शिकवला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नळीत रंग दिसला म्हणून धातू सापडला असं होत नाही. तोच रंग देऊ शकणारे बाकीचे सगळे आधी बाहेर काढलेत का, यावर पुरावा उभा राहतो. हे ज्या मुलाला उमगतं, ते घरी जाऊन खताच्या पोत्याकडे आणि बोअरच्या पाण्याकडेही त्याच नजरेनं बघायला लागतं. त्या सगळ्या वर्षांत जे हाताला लागलं, ते इथे मांडतो.

१. पाणी घालण्याआधी पुडी बघा.

मुलांना घाई असते ती ओ.एस. करण्याची, म्हणजे मूळ द्रावण करण्याची. पण कोरडा क्षार आधीच बरंच काही सांगतो. निळा असेल तर तांबं, फिकट हिरवा असेल तर फेरस लोह, गडद हिरवा असेल तर निकेल, अगदी फिकट गुलाबी असेल तर मँगनीज, जास्त गुलाबी असेल तर कोबाल्ट. पांढरा असेल तर ही मंडळी बहुतेक बाहेर गेली. बहुतेकच म्हणतो, कारण मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तापवून त्यातलं पाणी उडवलं की तेही पांढरं पडतं आणि पाण्याचा थेंब लागला की पुन्हा निळं होतं.

दुसरी गोष्ट अमोनियमची. तो धातू नाही, पण धन आयनांच्या यादीत त्याला शून्य क्रमांकाचा गट दिलेला आहे, आणि त्याला विचारायचं ते अगदी सुरुवातीला, मूळ क्षारालाच. क्षारात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालून गरम करायचं. उग्र वास आला आणि तो वायू नेस्लरच्या द्रावणात तपकिरी साका देऊन गेला, तर अमोनियम आहे. हे आधीच का करायचं? कारण पुढच्या गटांत आपण स्वतःच अमोनियम क्लोराइड आणि अमोनियाचं द्रावण ओतणार आहोत. त्यानंतर कुठल्याही नळीत अमोनियम सापडला तर तो आपणच घातलेला असणार.

२. क्षाराच्या नळीशेजारी एक कोरी नळी ठेवा.

या जिल्ह्यात तरी हा धडा बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा असं माझं मत आहे. आपली जमीन बेसॉल्टची, वर काळी माती, मातीत चुनखडीचे खडे. अशा जमिनीतून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट हे सगळे असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, पाण्याच्या जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पिण्याला चालणारं हे पाणी परीक्षणाला मुळीच चालत नाही.

हे डोळ्यांनी दाखवायला दोन मिनिटं लागतात. एका नळीत ऊर्ध्वपातित पाणी घ्या, दुसरीत नळाचं बोअरचं पाणी. दोन्हींत अमोनियाचे थोडे थेंब आणि मग अमोनियम ऑक्झलेट घाला. पहिली नळी जशीच्या तशी राहते. दुसरीत आधी धूसर लाट फिरते, मग नळी दुधट होते आणि थोड्या वेळात तळाशी पांढरी भुकटी बसते. ते कॅल्शियम ऑक्झलेट. आता सिल्व्हर नायट्रेटनं तीच तुलना करा, बोअरच्या नळीत क्लोराइडचा पांढरा साका येईल. ज्या मुलानं नळाच्या पाण्यात ओ.एस. केलं, त्याच्या पुडीत मॅग्नेशियम नायट्रेट असलं तरी त्याला कॅल्शियम क्लोराइड सापडणार, आणि तक्त्याप्रमाणे त्याच्या सगळ्या पायऱ्या बरोबर ठरणार.

ऊर्ध्वपातन यंत्राला वीज लागते आणि आमच्याकडे ती हवी तेव्हा असतेच असं नाही. मग कुठे कुठे आर.ओ.चा जार आणून ठेवतात. पाणी स्वच्छ दिसतं, चवीला गोड लागतं, पण त्यात आयन शिल्लक असतात. सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबानं ते लगेच कळतं. तेव्हा जार आणावाच लागला तर प्रत्येक परीक्षणासोबत नुसत्या त्या पाण्याची, म्हणजे कोरी, नळी लावायची आणि दोन्ही नळ्या शेजारी धरून मगच बोलायचं.

३. गटांचा क्रम मोडू नका, आणि तो क्रम का आहे ते समजून घ्या.

धातूंचे आयन एकेक करून विचारत बसलं तर प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात मिसळतं. म्हणून त्यांना गटागटानं खाली बसवायचं. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल: शिसं खाली. मग त्याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड: तांबं खाली. मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया: लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम खाली. त्याच अल्कधर्मी द्रावणात पुन्हा हायड्रोजन सल्फाइड: जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट खाली. मग अमोनियम कार्बोनेट: बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम खाली. शेवटी वर उरतं ते मॅग्नेशियम. आमची जुनी पुस्तकं मधल्या दोन गटांना ‘थ्री ए’ आणि ‘थ्री बी’ म्हणतात, एन.सी.ई.आर.टी. त्यांनाच तिसरा आणि चौथा म्हणते, त्यामुळे पुढचे आकडे एकेकानं सरकतात. मुलं गोंधळतात ती इथे. आकडा सोडा आणि कोणत्या द्रव्यानं गट खाली बसतो तेवढं धरून ठेवा.

या पद्धतीला नीट पाठ्यपुस्तकी रूप दिलं ते जर्मनीतल्या कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस यांनी. १८४१ मध्ये त्यांचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक आलं तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. पुढे इंग्रजीत आर्थर व्होगेल यांचं १९३७ चं पुस्तक आलं आणि आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

आता कारण बघू. तांबं आणि जस्त दोघंही सल्फाइड म्हणून खाली बसू शकतात. पण कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार १० चा उणे ३६ वा घात इतका लहान आहे, तर झिंक सल्फाइडचा उणे २४-२५ च्या आसपास. म्हणजे तांब्याला सल्फाइड आयनांची अगदी कणभर हजेरी पुरते, जस्ताला त्या मानानं पुष्कळ जास्त लागते. द्रावणात आम्ल असलं की हायड्रोजन सल्फाइडचं विघटन दबतं, सल्फाइड आयन अत्यल्प राहतात, तांबं बसतं आणि जस्त वरच राहतं. अमोनिया घातला की ते दडपण निघतं, सल्फाइड वाढतात आणि जस्त बसतं. म्हणून आम्ल घालायला विसरलेल्या मुलाला दुसऱ्या गटातच जस्त सापडतं, आणि आम्ल फार ओतलेल्याचं तर शिसंही नीट बसत नाही.

अमोनियम क्लोराइडचं कामही याच जातीचं. ते घातल्यानं अमोनियातून सुटणारे हायड्रॉक्साइड आयन कमी होतात. तेवढ्यात लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम बसतात, मॅग्नेशियम बसत नाही. मुलं ते चिमटीनं टाकतात. मी चांगलं सढळ हातानं घालायला सांगतो.

४. हायड्रोजन सल्फाइड वापरून झाला की तो पुरता घालवा.

किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडवर आम्ल पडतं आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. हा वायू विषारी आहे. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं कधीही धरू नका. खिडक्या उघड्या हव्यात, पंखा बाहेर हवा फेकणारा हवा.

तिसऱ्या गटाकडे जाण्याआधी द्रावण उकळून हा वायू पूर्ण घालवायचा. नळीच्या तोंडाशी लेड ॲसिटेटचा ओला कागद धरा. तो काळा पडेनासा होईपर्यंत उकळा. वायू राहिला तर अमोनिया घालताच पुढच्या गटातले जस्त, निकेल आधीच खाली येतात. त्यानंतर तीव्र नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून पुन्हा उकळायचं, कारण हायड्रोजन सल्फाइडनं फेरिक लोहाचं फेरस करून ठेवलेलं असतं आणि अमोनियम क्लोराइडच्या सोबतीत फेरस लोह पूर्ण बसत नाही.

५. शिसं दोनदा भेटतं.

लेड क्लोराइड गार पाण्यातही लिटरला सुमारे १० ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात त्याच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे पहिल्या गटात शिसं सगळं खाली बसत नाही. द्रावण पातळ असेल तर साका मुळीच येत नाही. उरलेलं शिसं दुसऱ्या गटात काळ्या सल्फाइडच्या रूपात येतं. म्हणून दुसऱ्या गटात काळं दिसलं की लगेच तांबं लिहू नका. तो काळा साका सौम्य नायट्रिक आम्लात उकळून विरघळवा. द्रावणात अमोनिया जास्त घालून गडद निळा रंग आला तर तांबं. सौम्य सल्फ्युरिक आम्लानं पांढरा साका आला तर शिसं.

पहिल्या गटातला पांढरा साका गरम पाण्यात विरघळला की त्याचे दोन भाग करा. एकात पोटॅशियम क्रोमेट घातलं की पिवळा साका येतो. दुसऱ्यात पोटॅशियम आयोडाइड थेंबाथेंबानं घाला. एकदम ओतलं तर साका येऊन परत विरघळतो. पिवळं लेड आयोडाइड आलं की नळीत आणखी पाणी घालून उकळा. पिवळेपणा जातो, द्रावण जवळजवळ रंगहीन होतं. आता नळी स्टँडला लावून नुसतं बघत राहा. गार होताना द्रावणात कुठेतरी एक बारीक चकाकी दिसते, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात सोनेरी चकत्या उलटसुलट होत खाली उतरायला लागतात. हे परीक्षण मी दर वर्षी प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं करायला लावलं, वेळ कमी असला तरी. कॅल्शियम, बेरियम, जस्त यांतला कोणीही हे करू शकत नाही.

शेंदराबद्दलही मुलं विचारतात, कारण गावोगावच्या मारुतीला तो लावलेला असतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्याची चिमूट सौम्य नायट्रिक आम्लात टाकली की केशरी रंग जाऊन चॉकलेटी भुकटी उरते आणि वरच्या गाळलेल्या द्रावणात आयोडाइडनं वरचं सगळं दृश्य दिसतं. बाजारात हल्ली शिसं नसलेले रंगही त्याच नावानं विकतात, तेव्हा नावावरून ठरवू नका, परीक्षण करा. आणि शेंदूर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय लहान मुलांना जेवू घालू नका, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो. श्रद्धेला त्यानं काही बाधा येत नाही.

६. पांढऱ्या साक्यांना वेळ द्या.

अर्ध्याहून जास्त साके पांढरेच असतात, तरी प्रत्येकाची चाल वेगळी. ॲल्युमिनियमचा साका इतका पारदर्शक असतो की नळी उजेडाकडे धरल्याशिवाय तो दिसत नाही. मँगनीजचा पांढरा साका हवेत तपकिरी होत जातो, पण तेवढा वेळ थांबावं लागतं. मॅग्नेशियमचा तर सोडियम फॉस्फेट घातल्यावरही कित्येकदा येतच नाही. काचेच्या कांडीनं नळीची आतली बाजू घासा, ठेवून द्या. घासलेल्या रेघांवरच तो आधी धरतो. मॅग्नेशियमला ‘नाही’ म्हणण्याआधी निदान पाच मिनिटं थांबावं.

७. ज्योतीत सोडियम सगळ्यांना झाकतो.

कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी, पोटॅशियम जांभळट. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल आणि हिरवा यातलाच. पण तारेला घामाचं बोट लागलं तरी सोडियमचा पिवळा भडका उठतो. तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योत रंगहीन होईपर्यंत तापवायची आणि पोटॅशियम बघायचा तर निळ्या कोबाल्ट काचेतून. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी १८६० मध्ये ज्योतीचा उजेड लोलकातून बघितला आणि झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे नवीन मूलद्रव्य शोधलं. त्याचा क्षार हाती लागावा म्हणून बुन्सेन यांनी सुमारे ४० टन पाणी आटवलं होतं.

८. जस्ताचं पोतं असं तपासा.

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर शेतकऱ्यांच्या मुलांनी हे ठेवावं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिकांना जस्त आणि लोह कमी मिळतं, म्हणून हळदीला, सोयाबीनला, कापसाला झिंक सल्फेट देतात. तेही पांढरे स्फटिक, आणि मॅग्नेशियम सल्फेटही पांढरे स्फटिक. दिसायला जवळजवळ सारखे, भावात मात्र फरक. त्यामुळे झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ ही शेतीखात्याच्या माहितीतली जुनी गोष्ट आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील एकदा पिशवीत मूठभर खत बांधून प्रयोगशाळेत आले. “सर, ह्याच्यात जस्त हाय का नाही, तेवढं बघून सांगा,” म्हणाले. मी म्हटलं, “दादा, मी नाही बघत. तुमची लेक बघेल.” तिनं चमचाभर खत ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं, गाळलं आणि दोन नळ्यांत ओतलं. पहिल्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंबाथेंबानं घातलं. तांदळाच्या पेजेसारखा दाट पांढरा साका आला. वडील म्हणाले, “आलं की जस्त!” ती म्हणाली, “थांबा बाबा, मॅग्नेशियमचाही असाच येतो.” मग तिनं तीव्र कॉस्टिक सोडा घालून नळी हलवली. साका पातळ होत गेला, पण पूर्ण गेला नाही. तळाशी पांढरा थर तसाच राहिला. जस्ताचा हायड्रॉक्साइड जास्तीच्या कॉस्टिकमध्ये विरघळून जातो, मॅग्नेशियमचा जात नाही.

इथे बरीच मुलं थांबतात. ती थांबली नाही. राहिलेला थर तिनं गाळून, धुऊन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला, त्यात अमोनियम क्लोराइड, अमोनिया आणि सोडियम फॉस्फेट घातलं, कांडीनं नळी घासली. पांढरे बारीक स्फटिक धरले. म्हणजे मॅग्नेशियम. दुसऱ्या नळीत, मूळ द्रावणात, अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया थेंबाथेंबानं घातला. जो साका आला तो जास्त अमोनियात विरघळला, म्हणजे ॲल्युमिनियमचा संशय गेला. कारण ॲल्युमिनियमचा साका कॉस्टिकमध्ये विरघळतो पण अमोनियात राहतो. त्याच द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर पांढरा साका आला. सल्फाइडांत पांढरा तेवढा जस्ताचाच. पोत्यात जस्त होतं आणि मॅग्नेशियमही होतं.

“मग किती हाय?” हा वडिलांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. सात रेणू पाण्याच्या झिंक सल्फेटात जस्त २१ टक्के असायला हवं आणि एक रेणू पाण्याच्यात ३३ टक्के. पण नळीतला साका टक्केवारी सांगत नाही. ते मोजमाप खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे खत निरीक्षकानं रीतसर नमुना काढून सरकारी प्रयोगशाळेत करायचं असतं, आणि कायद्यात तोच निकाल धरला जातो. आम्ही त्यांना पावती आणि शिल्लक पोतं जपून ठेवायला सांगितलं आणि तालुका कृषी कार्यालयात तक्रार कशी द्यायची ते लिहून दिलं. नळीतल्या परीक्षणानं संशय योग्य आहे की नाही एवढं ठरतं, पण तेवढ्यासाठीही गावात ते येणारं कोणीतरी हवं.

९. हिराकस नवं आहे की जुनं, तेही लोहच सांगतं.

लोहासाठी पानांवर फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, फवारतात. ताजं हिराकस फिकट हिरवं असतं. हवेत पडून राहिलं की त्याच्या कडा पिवळट, तपकिरी होतात, फेरसचं फेरिक होत जातं. ताज्या मूळ द्रावणात पोटॅशियम फेरीसायनाइडनं गडद निळा रंग आला तर फेरस आहे. पोटॅशियम थायोसायनेटनं रक्तासारखा लाल आला तर फेरिकही आहे. जुन्या हिराकसात दोन्ही येतात, आणि ते दोन्ही खरंच असतात. हा प्रश्न अमोनियमसारखा मूळ द्रावणालाच विचारायचा. तिसऱ्या गटात नायट्रिक आम्ल घातल्यावर सगळं लोह फेरिकच होतं.

१०. खरा नमुना एका क्षाराचा नसतो. हळद घेऊन बघा.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हिंगोलीच्या हळद बाजारात दूरदूरचे व्यापारी येतात. त्यामुळे हळदीतल्या भेसळीचा प्रश्न आमच्या मुलांना जवळचा. या भेसळीतली सगळ्यात वाईट म्हणजे लेड क्रोमेटची. तो पाचव्या धड्यात आलेलाच पिवळा साका आहे, फक्त इथे तो रंग म्हणून चोळलेला असतो. बांगलादेशात स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि तिथल्या आय.सी.डी.डी.आर.,बी. संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की हळकुंडाला पॉलिश करताना लेड क्रोमेट वापरलं जात होतं आणि लोकांच्या रक्तातल्या शिशाशी त्याचा संबंध होता. सरकारनं कडक पावलं उचलली आणि शिसं आढळणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. कारखाने, बाजार आणि प्रयोगशाळा एकत्र आल्या तर इतक्या लवकर फरक पडतो.

आता हे नळीत कसं बघायचं? हळद थेट पाण्यात कालवून आयोडाइड घातलं तर पिवळ्यात पिवळं दिसणार कसं? कॉस्टिक घातलं तर हळद लाल होते, कुंकू होतं तसंच, पण तो गुण हळदीतल्या कर्क्युमिनचा, धातूचा नव्हे. म्हणून आधी हळद मुशीत जाळून राख करायची. राख सौम्य सल्फ्युरिक आम्लात घेऊन गाळायची आणि गाळलेल्या द्रावणात डायफेनिलकार्बाझाइड घालायचं. गुलाबी रंग आला तर लेड क्रोमेट आहे असं परीक्षण-पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मी मुलांना विचारतो, हा रंग कुणाचा? तो क्रोमेटचा आहे. शिसं तर सल्फेट होऊन गाळणी कागदावर बसलंय. मग कागदावरचा तो साका अमोनियम ॲसिटेटमध्ये विरघळवा आणि त्यात पोटॅशियम क्रोमेट घालून पिवळा साका येतो का बघा. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच लेड क्रोमेट लिहा.

११. ‘आढळला नाही’ असं लिहा, ‘नाही’ असं लिहू नका.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. लेड क्लोराइडचा साका दिसायला शिसं त्याच्या सुमारे सात लाख पट लागतं. तेव्हा कुणी बोअरचं पाणी आणून आम्लाच्या नळीत काही दिसलं नाही म्हणून ‘शिसं नाही’ असं घरी सांगितलं, तर ते घातक आहे. अशा प्रमाणांसाठी अणुशोषण वर्णपटमापी लागतो, तो विद्यापीठात किंवा मोठ्या प्रयोगशाळेत असतो. नळीला जेवढं दिसतं तेवढंच तिच्या तोंडी घालायचं.

जर्नलमध्येही हीच शिस्त. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून काय ठरलं ते. आधी अनुमान ठरवून त्याला साजेसं निरीक्षण लिहिलेलं मला लगेच कळतं, कारण त्यात कोऱ्या नळीचा उल्लेख नसतो आणि एकही गट ‘आढळला नाही’ म्हणून सुटलेला नसतो.

१२. बाटल्यांकडे लक्ष द्या आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

शिसं, क्रोमेट, बेरियम, निकेल यांची द्रावणं वेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात जमा करायची. हिंगोलीत बेसिनमधलं पाणी गटारातून शेवटी कयाधूकडेच जातं, आणि तिच्या काठावर जनावरं पाणी पितात.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ च्या वर जातो. बंद प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं बूच ढिलं राहिलं तर अमोनिया उडून जातो आणि जूनमध्ये मुलांना तिसरा गट सापडतच नाही. फेरस सल्फेटचं द्रावण तपकिरी झालेलं असतं, अमोनियम कार्बोनेटमध्ये जोर राहिलेला नसतो. मुलांच्या हातात पुडी देण्याआधी बाटल्यांचीच परीक्षा घ्यावी, आणि त्याला महाग काही लागत नाही. किराण्याच्या दुकानातून तुरटी आणि खतांच्या दुकानातून मोरचूद आणा. तुरटीच्या द्रावणात अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घालून ॲल्युमिनियमचा साका येतो का बघा, मोरचुदाच्या द्रावणात जास्त अमोनियानं गडद निळा येतो का बघा. नाही आला तर नवी बाटली काढा, तिच्यावर उघडल्याची तारीख टाका आणि मगच पहिल्या बॅचला आत घ्या.